ध्रुवसागराचा तळ

खानदेशच्या उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर उभे आहेत. मुलताईस उगम पावलेली तापी या दोहोंमधून वाट काढीत, जळगाव व धुळे जिल्ह्यांची काळी जमीन मागे टाकीत पश्चिमेकडे जाते. गोदावरी व कृष्णा पूर्वेकडे जात असता तापीच उलट का वाहते, असे कोणी विचारले, तर ‘जमिनीचा उतारच तसा आहे’ असे तुम्ही चटकन सांगाल.

समुद्राच्या पोटातही असेच आहे. तेथेही डोंगर, दऱ्या व खिंडी आहेत आणि खोल पाण्यातील प्रवाह त्यांच्याच अनुरोधाने वाहतात. उत्तर ध्रुवाभोवतीच्या समुद्राचे उदाहरण घ्या. ग्रीनलंड व स्वालबार्ड बेटे यांच्यामधील सामुद्रधुनी सुमारे २,५०० मीटर खोल आहे. तीतून अटलांटिक महासागराचे उबदार पाणी आत शिरते. पलीकडची बेरिंगची सामुद्रधुनी मात्र अवघी पन्नासेक मीटर खोल. साहजिकच पॅसिफिकचे पाणी तीतून बेतानेच येते.

पूर्वी विद्वानांना हा ध्रुवसागर उथळ वाटत असे. १८९३ साली नॉर्वेचा धाडसी संशोधक नान्सेन याने आपले ‘फ्राम’ जहाज मुद्दाम बर्फात अडकवून घेतले व तो त्या बर्फाबरोबर वाहत निघाला. खोली मोजण्यासाठी बरोबर घेतलेली दोरी तळाला पोहोचेना! तेव्हा खलाशांनी जहाजावरचा एक पोलादी दोर उलगडला आणि त्याच्या तारांची नवी, लांबलचक दोरी वळली. तळ लागला तो तीन हजार मीटरांहूनही खाली.

आता दोरीचे काम ध्वनी करतो. जहाजावरून सोडलेला ध्वनी तळावर आदळून परत येतो. समुद्राच्या पाण्यात तो सेकंदास सुमारे १,५०० मीटर जातो. प्रतिध्वनी चार सेकंदांनी आला, तर खोली किती? ध्वनीला जाऊन परत यावे लागते, हे मात्र विसरू नका.

मोजलेली खोली संगणकास पुरवितात. समुद्राच्या नकाशावर गणिताच्या वहीसारखे चौकोन आखतात आणि प्रत्येक चौकोनाची खोली, पाण्याचे तापमान, खारेपणा, वारा व बर्फाची जाडी नोंदवितात. शेजारच्या चौकोनांतून किती पाणी व उष्णता येईल, किती जाईल, याचा काही मिनिटांपुरता हिशेब संगणक करतो. मग पुढच्या काही मिनिटांचा. यालाच संगणकीय प्रतिमान म्हणतात. समुद्राचे पाणी शून्याखाली सुमारे १.८ अंशांवर गोठते आणि गोठताना बरेचसे मीठ बाहेर टाकते. ते खारट, जड पाणी खाली जाऊन तळाच्या उतारावरून ओढ्यासारखे वाहते. म्हणून तळ ठाऊक नसेल, तर बर्फाचा हिशेबही अपुराच राहतो.

अडचण अशी, की बर्फाखाली जहाज शिरू शकत नाही. पुष्कळ चौकोनांत अंदाजाचा आकडा घालून वेळ भागवावी लागते. तो चुकला, तर बिचारा संगणक चुकीच्या आकड्याचे बिनचूक गणित करीत बसतो!

गोव्यात वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. २०१४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी स्वालबार्डच्या एका खाडीत पाण्याचे तापमान व खारेपणा मोजणारी उपकरणे नांगरून ठेवली. रशियाच्या उत्तरेस असलेल्या कारा समुद्रात उन्हाळी बर्फ कमी झाला, की मध्य भारतात सप्टेंबरात अतिवृष्टी होण्याचा संभव वाढत असावा, असे या केंद्रातील शास्त्रज्ञांनी २०२१ साली मांडले. मुलताईकडे असा पाऊस कोसळला, की भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडावे लागतात. आणि नेमकी त्याच सुमारास खानदेशात कपाशीची बोंडे उमलू लागलेली असतात. तो पाऊस आधी कळायचा, तर कारा समुद्राच्या चौकोनांतील आकडेही खरे असावे लागतील.