यादीतील पहिले स्थान

आठवडी बाजारात दुकान कोठे मांडावयाचे, यावरून विक्रेत्यांत नेहमी चढाओढ चालते. रस्त्याच्या तोंडाशी बसणाऱ्याची भाजी सकाळीच संपते. आत कोपऱ्यात बसणाऱ्याला मात्र दुपार टळेपर्यंत गिऱ्हाइकाची वाट पाहावी लागते. माल दोघांचा सारखाच असला, तरी जागेमुळे हा फरक पडतो. इंटरनेटवरील व्यापारातही जागेला असेच महत्त्व आहे. फक्त तेथील जागा म्हणजे शोधयंत्राने दाखविलेल्या यादीतील स्थान. छत्री हवी असलेला मनुष्य ‘छत्री’ हा शब्द लिहितो आणि क्षणार्धात त्याच्यापुढे दुकानांची लांबलचक यादी येते. बहुतेक माणसे वरची दोनचार नावे पाहतात आणि तेथेच थांबतात. म्हणून पहिले स्थान कोणाला मिळावे, हा प्रश्न व्यापाऱ्याच्या दृष्टीने पोटापाण्याचा आणि गिऱ्हाइकाच्या दृष्टीने विश्वासाचा झाला आहे.

शोधयंत्र हे चाकादांत्यांचे यंत्र नव्हे. संगणकांना दिलेल्या आज्ञांचा तो एक प्रचंड संच होय. या आज्ञांनुसार संगणक इंटरनेटवरील एक पान वाचतो, त्या पानावरील दुव्यांच्या वाटेने पुढच्या पानांवर जातो आणि कोणता शब्द कोठे आढळला याची नोंद ठेवतो. मोठ्या ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, तशीच ही सूची. आपण प्रश्न विचारतो तेव्हा शोधयंत्र जगभर धावत सुटत नाही. ते आपली तयार सूची उघडते. परंतु एकाच शब्दाला लाखो पाने सापडली, तर त्यांतील वर कोणते ठेवावे? खरी अडचण येथे आहे.

आरंभीची काही शोधयंत्रे पानावर तो शब्द किती वेळा आला आहे, यावर मोठा भर देत. ही युक्ती भाबडी ठरली. लबाड विक्रेते पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत एकच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवू लागले. माणसाला ते दिसत नसे. यंत्र मात्र फसत असे.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी निराळा विचार केला. गावात नवखा आलेला मनुष्य चांगला वैद्य कोणता, हे वैद्याला विचारीत नाही. तो चार गावकऱ्यांना विचारतो. त्यातही जाणत्या माणसाच्या शब्दाला अधिक वजन असते. एका पानाने दुसऱ्या पानाचा दुवा देणे, ही तशीच एक साक्ष होय, असे त्यांनी मानले. ज्या पानाला पुष्कळ पाने साक्ष देतात ते मोठे. आणि मोठ्या पानाची साक्षही मोठी. या तत्त्वावर उभारलेली गूगल ही कंपनी १९९८ मध्ये स्थापन झाली. एकावर शंभर शून्ये दिली असता होणाऱ्या संख्येला इंग्रजीत ‘गूगॉल’ म्हणतात. त्यावरून हे नाव पडले. गंमत अशी की, त्या संख्येला ते नाव सुचविले होते एका गणितज्ञाच्या नऊ वर्षांच्या भाच्याने.

त्याच वर्षी लिहिलेल्या एका निबंधात या दोघांनी एक इशारा दिला होता. जाहिरातींवर पोसले जाणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल आणि गिऱ्हाइकाच्या गरजेपासून दूर जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु लक्षावधी लोकांना फुकट उत्तरे द्यावयाची, तर खर्च कोठून भागवावा? १९९८ मध्येच बिल ग्रॉस या अमेरिकन उद्योजकाने ‘गोटू’ नावाचे शोधयंत्र काढले होते. त्यात जागेचा सरळ लिलाव होई. जो अधिक पैसे देईल तो वर. मात्र कोणी किती रक्कम लावली, हे यादीतच छापलेले असे. बाजारूपणा होता, पण लपवाछपवी नव्हती, हे त्याच्या बाजूने म्हटले पाहिजे.

गूगलनेही २००० मध्ये शब्दांवर जाहिराती विकण्यास आरंभ केला आणि २००२ मध्ये लिलावाची रीत स्वीकारली. तीत एक सुधारणा होती. समजा, एक छत्रीविक्रेता आपल्या जाहिरातीवर बोट दाबणाऱ्या प्रत्येक माणसामागे १२ रुपये देऊ करतो. पण शंभरांतून दोघेच तसे करतात. दुसरा ८ रुपयेच देऊ करतो. पण त्याच्याकडे शंभरांतून चौघे जातात. पहिल्यापासून २४ रुपये मिळणार, दुसऱ्यापासून ३२. म्हणून वरची जागा दुसऱ्याला. शिवाय त्याला पूर्ण ८ रुपये द्यावे लागत नाहीत; २४ रुपयांची बरोबरी होण्यास माणशी ६ रुपये पुरतात, म्हणून त्याहून किंचित अधिक दिले की झाले.

जाहिरातीची जागा अशी उघडपणे विकत मिळते. पण मूळ यादीतील स्थान विकत मिळत नाही. आणि जे मिळत नाही त्याचाच मोह अधिक. २०१० च्या अखेरीस अमेरिकेतील जे. सी. पेनी हे जुने, नावाजलेले दुकान पोशाख, गालिचे, प्रवासी पेट्या अशा कितीतरी वस्तूंच्या यादीत पहिले येऊ लागले. या दुकानाशी काडीचाही संबंध नसलेल्या हजारो पानांवर त्याचे दुवे पेरलेले होते. साक्षीदारच खोटे उभे केले होते! फेब्रुवारी २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हे प्रकरण उजेडात आणले. आपल्याला याची कल्पना नव्हती, असे दुकानाने सांगितले आणि आपल्या सल्लागारांना काढून टाकले. गूगलने त्याचे स्थान खाली ढकलले. एका प्रकारच्या प्रवासी पेटीच्या यादीत ते दोन तासांत पहिल्यावरून एकाहत्तरावे झाले.

यादी लावणाऱ्यावरही नजर ठेवावी लागते. भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गूगलला १३५.८६ कोटी रुपये दंड ठोठावला. विमानप्रवासाविषयी शोध घेणाऱ्यांपुढे कंपनीने स्वतःचीच चौकट ठळकपणे मांडली, हा त्यातील एक आक्षेप होता. कंपनीने या निर्णयाविरुद्ध अपील केले.

जाहिरात कोणती आणि मूळ उत्तर कोणते, हे वाचकाला स्पष्ट कळले पाहिजे, असे अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००२ मध्येच शोधयंत्रांना कळविले होते. गूगलच्या जाहिराती पूर्वी फिकट रंगाच्या पट्टीवर येत. २०१३ च्या सुमारास पट्टी गेली आणि पिवळी चिठ्ठी आली. २०१६ मध्ये चिठ्ठी हिरवी झाली. शेजारचा पत्ताही हिरव्याच अक्षरांत असे. २०२० मध्ये संगणकाच्या पडद्यावर तिचा रंगही गेला, काळी अक्षरे तेवढी राहिली. २०२२ पासून त्या जागी ‘प्रायोजित’ हा शब्द येऊ लागला. छत्री शोधणाऱ्याने प्रथम तो शब्द हुडकावा, मग छत्री.