शांती मागावी, धैर्यही मागावं

अमेरिकन धर्मचिंतक राइनहोल्ड नीबर (1892–1971) यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘सेरेनिटी प्रेअर’ देवाकडे जे बदलता येत नाही ते स्वीकारण्याची शांती, जे बदलता येतं ते बदलण्याचं धैर्य आणि या दोहोंतला फरक ओळखण्याचा विवेक मागते. 1940च्या दशकात अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या व्यसनमुक्तीसाठीच्या संघटनेने ती आपलीशी केली. दारू सोडू पाहणाऱ्याला ती लगेच भिडते: गेलेली वर्षं परत येत नाहीत, घरच्यांचा राग आपल्या हाती नाही, आजचा पेला नाकारणं मात्र आहे. विवेकाचं मागणं सर्वांत अवघड. आईच्या आजारपणात आणखी उपचारांचा आग्रह धरायचा की थांबायचं, हे कोण सांगणार? अनेकजण सेरेनिटी प्रेअरला निव्वळ सोसण्याची प्रार्थना मानतात. मला ते अपुरं वाटतं. कारण नीबर स्वतः निव्वळ सोसत बसले नाहीत: डेट्रॉइटमध्ये पाळक असताना ते मोटार-कारखान्यांतल्या कामगारांच्या बाजूने बोलले, पुढे नाझींविरुद्धही ठामपणे उभे राहिले.