खऱ्या फोनवरची मराठी

मराठी अ‍ॅप नीट झाले की नाही, हे संगणकाच्या पडद्यावर ठरत नाही; ते वापरणाऱ्याच्या हातातल्या फोनवर ठरते. नागपुरात अ‍ॅप लिहायला शिकणाऱ्या मुलांना मी हे सांगतो, तेव्हा ती विचारतात : संगणकात एम्युलेटर असताना खरा फोन कशाला?

एम्युलेटर ही फोनची संगणकातली नक्कल. रोजच्या कामाला ती सोयीची आहे; पण तिला वैशाखातले ऊन लागत नाही. पारा ४५ अंशांवर गेला की खरा फोन तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग कमी करतो. काटोल-वरुडच्या संत्राबागेत उभ्या असलेल्या माणसाला अ‍ॅप तेव्हाच हवे असते.

दुसरे कारण भाषेचे. अँड्रॉइडमध्ये देवनागरीची सोय २०११ च्या ४.० या आवृत्तीत आली. पुढे ‘आयएस १६३३३’ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागाने फोनवर परिशिष्टातल्या बावीसही भाषा वाचता आल्या पाहिजेत, असे ठरवले. अक्षरे उमटू लागली, तरी ती मावतात का, हा प्रश्न उरतोच. वयस्कर माणसे फोनवरची अक्षरे मोठी करून ठेवतात. अशा फोनवर ‘फवारणी करू नका’ ही सूचना अरुंद चौकटीत कापली गेली, तर ‘फवारणी करू’ एवढेच दिसते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. त्या प्रदेशासाठी लिहिताना हा एक शब्द गळणे परवडणारे नाही.

खरा फोन जोडणे अवघड नाही. सेटिंग्जमध्ये फोनची माहिती असते, तिथे ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट टेकवायचे. २०१२ च्या ४.२ या आवृत्तीपासून ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ असे दडवून ठेवलेले आहेत. ते उघडले की त्यातले ‘यूएसबी डीबगिंग’ सुरू करायचे आणि केबल लावायची. काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात; माहिती वाहून नेणारीच हवी. मग फोन त्या संगणकाची ओळखखूण दाखवून परवानगी मागतो. ती दिल्यावर संगणकावर ‘एडीबी डिव्हायसेस’ ही आज्ञा दिली की यादीत फोन दिसतो; ‘अनऑथोराइज्ड’ आले तर परवानगी द्यायची राहिली आहे, असे समजावे. अँड्रॉइड ११ पासून हेच वायफायवरून, केबलीशिवायही जमते. आयफोनवरही आयओएस १६ पासून ‘डेव्हलपर मोड’ मुद्दाम सुरू करावा लागतो.

एवढे अडसर कशासाठी? परवानगी मिळालेला संगणक त्या फोनवर अ‍ॅप चढवू शकतो, काढू शकतो, पडद्याचे चित्र घेऊ शकतो, साठवलेल्या फायली वाचू शकतो. आमच्याकडे चाचणीचा फोन बहुधा आईचा किंवा शेजारच्या काकांचा असतो. त्यात घरचे फोटो असतात, बँकेचे संदेश असतात. म्हणून काय करणार आहोत, हे त्यांना आधी मराठीत समजावून सांगावे. काम संपल्यावर डीबगिंग बंद करावे, ‘रिव्होक’ म्हणून दिलेल्या सगळ्या परवानग्या मागे घ्याव्यात आणि मगच फोन परत करावा. अक्षरांचा आकारही त्यांचा होता तसाच ठेवावा. आपल्या अ‍ॅपला त्याच आकारात वाचले जायचे आहे.