किमान वेतन: दर दिल्ली ठरवते की मुंबई?

दौलताबादचा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. तिथं गुत्तेदाराकडून झाडलोट करणाऱ्या बाईला केंद्राचा किमान दर लागतो. दरवाजाबाहेरच्या हॉटेलात भांडी घासणाऱ्या बाईला महाराष्ट्राचा. हा फरक माहीत नसल्यानं अनेकांची मजुरी बुडते. म्हणून काही गैरसमज दूर करायला हवेत.

गैरसमज १: किमान वेतन देशभर एकच असतं.

वस्तुस्थिती: कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्यापासून रेल्वे, खाणी, मोठी बंदरं आणि केंद्राच्या अखत्यारीतली इतर कामं यांचे दर दिल्ली ठरवते, बाकीचे राज्य. महाराष्ट्रात उद्योग, कौशल्य आणि परिमंडळ यांनुसार दर बदलतात. त्यामुळे बहुतेक उद्योगांत संभाजीनगर महापालिका हद्दीतला दर दौलताबाद ग्रामपंचायतीतल्या दरापेक्षा जास्त असतो. मूळ दरावर महागाई निर्देशांकाप्रमाणे विशेष भत्ता मिळतो आणि तो दर सहा महिन्यांनी बदलतो. फक्त मूळ दर देऊन भत्ता गाळणं म्हणजे किमान वेतनापेक्षा कमी देणंच.

गैरसमज २: केंद्रानं समान पातळी ठरवली की राज्यांचा अधिकार संपतो.

वस्तुस्थिती: २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहिता, २०१९ मध्ये ‘फ्लोअर वेज’ची तरतूद आहे. ही देशाची किमान पातळी केंद्र ठरवतं आणि ती प्रदेशानुसार वेगवेगळी असू शकते. राज्याचा दर तिच्याखाली जाऊ शकत नाही; वर किती न्यायचा, हे राज्याच्या हातात राहतं. आधीच जास्त असलेला दर या पातळीचं कारण सांगून कमी करता येत नाही.

दर ठरवण्याचा अधिकार वरच्या पातळीचा की खालच्या, हा पेच युरोपातही उभा राहिला. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये वेतन कायद्यानं नव्हे, तर कामगार संघटना आणि मालक यांच्या करारांनी ठरतं. युरोपीय संघाच्या २०२२ च्या किमान वेतन निर्देशाला डेन्मार्कनं आव्हान दिलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयानं निर्देशाचा बहुतांश भाग कायम ठेवला, पण वेतननिश्चितीत थेट हात घालणाऱ्या दोन तरतुदी रद्द केल्या.

गैरसमज ३: पातळी ठरली म्हणजे मजुराचं भागलं.

वस्तुस्थिती: १९९६ मध्ये राष्ट्रीय पातळी रोज ३५ रुपये होती, जून २०१७ मध्ये १७६ रुपये झाली. तिला कायद्याचं बळ नव्हतं. २०१९ मध्ये तज्ज्ञ समितीनं ३७५ रुपयांची शिफारस केली, किंवा प्रदेशानुसार ३४२ ते ४४७ रुपयांची. ऑक्टोबर २०२४ पासून मात्र केंद्रानं स्वतःच्या अखत्यारीतल्या बांधकामावरच्या अकुशल मजुराला ‘अ’ क्षेत्रात, म्हणजे मोठ्या शहरांत, रोज ७८३ रुपये ठरवले. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेनं वेतन कशावरून काढायचं ते सांगून ठेवलं आहे: प्रौढ माणशी २,७०० उष्मांकांचं अन्न, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, इंधन. समान पातळी या हिशेबातून आली नाही, तर स्वस्त मजुरी दाखवून कारखाने ओढण्याची राज्याराज्यांतली स्पर्धा थांबणार नाही.

गैरसमज ४: मजूर खुशीनं कमी घेत असेल, तर हरकत नाही.

वस्तुस्थिती: कायद्यानं ठरलेला दर सोडून देणारा करार रद्दबातल असतो. राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८३ मध्ये म्हटलं, की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करवून घेणं ही घटनेच्या कलम २३ नं मना केलेली वेठबिगारी आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या मराठवाड्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. उक्त्या कामालाही किमान वेतनाचं संरक्षण आहे.

गैरसमज ५: लहान धंद्याला हे लागू नाही.

वस्तुस्थिती: पूर्वी अनुसूचीत नाव असलेल्या उद्योगांपुरताच कायदा होता. संहितेनं ती अट काढली. आता पेरूच्या बागेतली मजूर, ढाब्यावरचा वाढपी, दुकानातला नोकर, सगळे त्यात येतात. सारख्या कामासाठी बाई-पुरुष असा दरात भेद करता येत नाही.

कमी मजुरी मिळाली, तर संहितेनुसार तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. त्यासाठी हजेरी, दिलेली रक्कम आणि तारीख लिहून ठेवा, वेतनचिठ्ठी मागा आणि कामगार उपायुक्त कार्यालयात आपल्या उद्योगाचा चालू दर विचारा. राज्यांची स्वायत्तता जपलीच पाहिजे, पण ती मजुरी वाढवण्यासाठी. उपाशी ठेवण्याचं स्वातंत्र्य कुठल्याही सरकारला असू नये.