पूर ओसरला, नदीचा तळ पाहिलात का?

‘नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये’ असे आपली जुनी माणसे म्हणत. मूळ न शोधले तरी चालेल. पण ज्याचे रान नदीकाठी आहे, त्याने नदीचा तळ मात्र दरसाल पाहावा. तळ हलला की काठही हलतो.

२०१९ चा महापूर ओसरल्यावर कऱ्हाडच्या वरच्या अंगाला, कृष्णाकाठच्या एका वस्तीवर गेलो होतो. तिथले आबा मला उसाऐवजी थेट काठाकडे घेऊन गेले.

“सायेब, पूर हुता तवर रान जाग्यावर हुतं. पानी उतारलं आन् तिसऱ्या दिशी दोन गुंठं खाली बसलं. आता हिरीला धा पावलं ऱ्हायली बगा.”

पलीकडच्या काठाला मात्र वाळूची नवी पट्टी पडली होती. आबांना वाटे, नदी आपल्यावरच रुसली. पण नदीचाही एक हिशेब असतो, तो समजून घ्यावा.

पुराचे बळ

कृष्णेच्या तळाचे गोटे म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाणच. ओढे आणि दरडी तो नदीत आणतात. वाहताना त्याच्या कडा झिजतात, दगडाचे गोटे होतात, पुढे खडी आणि शेवटी वाळू. म्हणून डोंगराजवळ गोटे जास्त, खाली सपाटीला वाळू जास्त.

हिवाळ्या-उन्हाळ्यात नदी फार तर थोडी वाळू सरकवते. खरे काम पावसाळ्यातल्या मोजक्या दिवसांत होते. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर ते ढकलू शकणाऱ्या दगडाचे वजन चौसष्टपट होते, असा एक जुना ठोकताळा आहे.

एरवी तळावर गोट्यांची जणू फरसबंदी असते. चपटे गोटे कौलांसारखे एकमेकांवर रेललेले असतात आणि खालची वाळू झाकून ठेवतात. मोठ्या पुरात ही फरसबंदी उखडते. मग खालची वाळूही निघते आणि तळ खोल जातो. पाणी उतरू लागले की आधी मोठे गोटे थांबतात, मग खडी, शेवटी वाळू. खणलेली जागा पुन्हा भरते, पण जशीच्या तशी नाही. जिथे गेल्या साली गुडघाभर पाण्यातून गुरे उतरत, तिथे यंदा डोह असू शकतो. म्हणून पुरानंतर जुन्या उतारावर काठी टेकून खोली पाहिल्याशिवाय पाय घालू नये.

काठ का ढासळतो?

वळणावर बाहेरच्या अंगाला पाण्याचा जोर जास्त. तिथे काठाचा पाया कापला जातो आणि आतल्या अंगाला वाळू साठते. पूर असताना पाणीच काठाला टेकू देते. ते झपाट्याने उतरले की भिजून जड झालेला काठ उघडा पडतो व बसतो. म्हणून पूर ओसरल्यावर काही दिवस काठावर गुरे बांधू नयेत, मुलांना जाऊ देऊ नये.

आबांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. त्यांच्याच भावकीने दोन उन्हाळे काठाच्या पायथ्याची वाळू ट्रॅक्टरने भरून दिली होती. “पावसाळ्यात परत यील की,” असे सगळ्यांना वाटले. खड्डा भरायला पुराने वाळू आणली ती वरच्या तळाची. म्हणजे खड्डा वरच्या अंगाला सरकला. शिवाय वाईजवळच्या धोमसारखे धरण वरची बरीच वाळू अडवते, त्यामुळे खाली पूर्वीइतकी भर येत नाही.

वाळू म्हणजे पाण्याची कणगी

घरी बादलीभर कोरडी वाळू घ्या आणि तांब्याने पाणी ओता. सुमारे एक तृतीयांश बादली पाणी सहज मावेल. नदीतली वाळू अशीच पाणी धरते आणि काठच्या विहिरीला पुरवते. वाळू गेली की पात्र खोल जाते, आणि त्यामागे विहिरीचे पाणीही.

एवढे करा

पावसाळ्यापूर्वी विहिरीपासून काठापर्यंतचे अंतर मोजून वहीत लिहा. दिवाळीनंतर पुन्हा मोजा. काठाची पट्टी नांगरू नका. तिथे वाळा, बांबू, करंज, वाळुंज लावा. पायथ्याचे गोटे बांधकामाला उचलू नका. परवान्याशिवाय वाळू उपसणे गुन्हा तर आहेच. पण पायथ्याची वाळू विकणारा आपलेच रान विकतो.

आबांनी काठालगतची पाच पावले नांगर बंद केला आणि वाळा लावला. वहीत आकडे त्यांची नात लिहिते. भावकीची समजूत घालायला मात्र आकड्यांपेक्षा ती बादलीच जास्त उपयोगी पडली.