बाविसाव्या मजल्यावरची तुळस

गिरगावातल्या आमच्या चाळीची गॅलरी जेमतेम चार फूट रुंद. तरी आईने तिथे बसून चाळीस वर्षे तांदूळ निवडले. मग धाकट्या भावाने उपनगरातल्या एका मनोऱ्यात जागा घेतली आणि आईला तिकडे नेले. माहितीपत्रकात बाविसाव्या मजल्यावरच्या 'स्काय गार्डन'चे रंगीत चित्र होते : हिरवळ, बाके, आणि वर्तमानपत्र वाचीत बसलेले एक हसतमुख आजोबा. आजोबांच्या हातातले पान मुळीच फडफडत नव्हते. तिथेच आम्हाला शंका यायला हवी होती!

पहिल्याच संध्याकाळी आई सूप घेऊन बागेत गेली आणि पाच मिनिटांत परत आली. "पदर सावरू की सूप? इथं बसायचं तरी कुणी रे?" तिने हौसेने नेऊन ठेवलेली तुळस महिन्याभरात करपली.

मी मराठीचा प्राध्यापक. वाऱ्याशी माझा संबंध कवितेपुरता. पण आईच्या प्रश्नापायी वाचन करावे लागले. जमिनीलगत घरे, झाडे, भिंती वाऱ्याला अडवतात. वर त्याला मोकळे रान. दाट वस्तीच्या शहरात १० मीटर उंचीवर जो वारा असतो, तो ७० मीटरवर जवळजवळ दुप्पट वेगाचा होतो. आणि वेग दुप्पट झाला की धक्का चौपट! सेकंदाला ५ मीटर वेगापासून माणसाला वारा टोचू लागतो; १० मीटरला तो नकोसाच होतो. त्यात आमची बाग दोन मनोऱ्यांमधल्या आरपार पोकळीत. इमारतीच्या तोंडाशी हवेचा दाब वाढतो, पाठीशी घटतो, आणि सारी हवा त्या एकाच वाटेने धावते. बोळातला वारा म्हणतात तोच, फक्त आभाळात टांगलेला.

रहिवाशांनी तक्रार केली, तेव्हा पश्चिमेला उंच काच बसली. वारा थांबला, पण दुपारी तिथे पाय ठेववेना. उंचावर गार असते, ही समजूत आपण महाबळेश्वराहून आणलेली. पण ते सुमारे साडेतेराशे मीटरवर आहे. वर चढताना हवा शंभर मीटरला फार तर एक अंश निवते. सत्तर मीटरच्या बागेला पाऊण अंशाहून अधिक लाभ कुठला? मुंबईच्या दमट हवेत घाम सुकवायला वाराच हवा, आणि तोच आता काचेबाहेर उभा! शिवाय सलग भिंतीमागे हवेचे भोवरे उठतात ते वेगळेच. निम्मी उघडी जाळी किंवा दाट झुडपे वाऱ्याला रोखत नाहीत, नुसते सौम्य करतात.

सिंगापूरच्या 'पिनॅकल ॲट डक्स्टन' या २००९ सालच्या सरकारी वसाहतीत सात इमारती २६व्या आणि ५०व्या मजल्यांवर बागांनी जोडल्या आहेत. पण तिथला वारा एरवी मंद, हवा बारमाही दमट. झुळूक आली तर लोक दुवाच देतात. तिकडचे चित्र पाहून इकडे बाग बांधणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा शिवणे.

आणि इतके लांब जायचे तरी कशाला? कंबाला हिलवर चार्ल्स कोरियांची ८४ मीटर उंच 'कांचनजंगा' १९८३ साली पुरी झाली. मुंबईत समुद्राचा वारा हवा तर घर पूर्व-पश्चिम उघडे ठेवले पाहिजे. पण ऊन आणि पाऊसही त्याच वाटांनी येतात. जुन्या बंगल्यांनी भोवती व्हरांडा घेऊन हा पेच सोडवला होता. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून वर नेला : कोपऱ्यांत खोल आत घेतलेल्या, दोन मजले उंचीच्या बागा. आमच्या चाळीच्या गॅलरीची ही श्रीमंत चुलत बहीणच म्हणायची.

मी सोसायटीच्या सभेत जाळीची सूचना मांडली. इमारतीच्या शोभेला बाध येईल, असे उत्तर मिळाले. पत्रव्यवहार चालू आहे. दरम्यान आईने लिफ्टसमोरच्या खिडकीशी आपले स्टूल मांडले आहे. तिथे झुळूक बेताची येते. तुळशीचे नवे रोपही तिथेच आहे, आणि परवा त्याला मंजिरी आली.