कळलावी : बियांपासून लागवड आणि घ्यावयाची दक्षता

पावसाळ्याच्या उत्तरार्धात सह्याद्रीच्या घाटांत आणि कोकणातील कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले दिसू लागतात. कळलावीची ही फुले होत. पाकळ्या आरंभी हिरवट पिवळ्या असून पुढे नारिंगी व अखेर लाल होतात. पानांची टोके तणाव्यांसारखी वळलेली असतात आणि त्यांच्या आधाराने वेल वर चढते. वाघनखी, अग्निशिखा, खड्यानाग या नावांनीही ती ओळखली जाते. कंदाचा आकार नांगरासारखा म्हणून संस्कृतात तिला लांगली म्हणतात. वनस्पतिशास्त्रातील तिचे नाव ग्लोरिओसा सुपर्बा. तामिळनाडूचे ते राज्यपुष्प आहे.

सौंदर्य आणि विष

या वेलीचे सर्व भाग विषारी आहेत. कंद व बिया विशेषच. आयुर्वेदात तिची गणना उपविषांत होते. तिच्यातील कोल्चिसिन हे द्रव्य पेलेतिए व कावांतू या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८२० साली कोल्चिकम या सजातीय वनस्पतीतून वेगळे केले. सांध्यांच्या गाउट या विकारावर आजही ते अल्प मात्रेत दिले जाते. वनस्पतींतील गुणसूत्रे दुप्पट करण्यासाठी पीक-संशोधनातही त्याचा उपयोग होतो. या मागणीमुळेच तामिळनाडूत बियांसाठी कळलावीची शेती केली जाते.

बियांपासूनच का?

कंद लावल्यास त्याच पावसाळ्यात फुले येऊ शकतात. परंतु हे कंद पुष्कळदा रानातून खणून आणले जातात आणि कंद गेला की वेलही नाहीशी होते. बियांच्या बाबतीत तसे नाही. वेलीवरील काही बोंडे घेऊन उरलेली तेथेच राहू दिली, तर रानातील वेल टिकते व नवी रोपेही मिळतात. बियांच्या मार्गाला केवळ धीर अधिक लागतो.

लागवडीची पद्धत

पावसाळा संपल्यावर बोंडे फिकट होऊन सुरकुततात. ती उकलण्यापूर्वी काढून सावलीत वाळवावीत. आतील बियांवर लाल-नारिंगी गर असतो. पेरणीपूर्वी बिया रात्रभर पाण्यात भिजवून हा गर चोळून काढावा. या कामी हातमोजे वापरावेत आणि वापरलेले पाणी गुरांच्या वा मुलांच्या वाटेत टाकू नये.

वाळू, माती व चांगले कुजलेले शेणखत यांचे निचरा होणारे मिश्रण खोल कुंडीत भरावे. पावसाळ्याच्या तोंडाशी बी सुमारे १ सेंटिमीटर खोल पेरावे. माती ओलसर असावी, पण पाणी साचू देऊ नये. उगवण एकाच वेळी होत नाही. काही रोपे तीन-चार आठवड्यांत वर येतात, तर काहींना कित्येक महिने लागतात. म्हणून कुंडी लवकर रिकामी करू नये.

पहिल्या वर्षी रोपाला थोडीच पाने येतात. या काळात सारी शक्ती जमिनीखाली लहानसा कंद तयार करण्यात खर्च होते. पावसाळ्यानंतर पाने पिवळी पडून वाळली, तर रोप मेले असे समजू नये. ही त्याची विश्रांती होय. तेव्हा पाणी तोडावे व कंद न हलविता कुंडी कोरड्या जागी ठेवावी. नवा कोंब कंदाच्या टोकातून फुटतो; ते टोक मोडल्यास तो कंद वाया जातो. उन्हाळ्याच्या अखेरीस पुन्हा पाणी सुरू करावे. साधारणतः तिसऱ्या-चौथ्या वर्षी फुले येतात. तोवर वेलीला चढण्यासाठी काठ्यांचा किंवा जाळीचा आधार द्यावा.

शाळा व ग्रामपंचायतींसाठी दक्षता

लहान मुले जेथे खेळतात अशा शाळेच्या आवारात ही वेल लावू नये. इतरत्र लावल्यास कुंपण घालून ‘विषारी वनस्पती’ असा ठळक फलक लावावा. कंद रताळी वा कोनफळ समजून खाल्ल्याने मृत्यू ओढवल्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणून कंद व बिया स्वयंपाकघरापासून दूर, नाव लिहून, कुलपात ठेवाव्यात. प्रसूतिवेदना आणण्यासाठी कंदाचा लेप लावण्याच्या जुन्या प्रथेवरूनच ‘कळलावी’ हे नाव पडल्याचे सांगतात. परंतु असे घरगुती उपचार जिवावर बेतू शकतात, हे आरोग्य कर्मचाऱ्यांनी गावात समजावून सांगणे अगत्याचे आहे.

विषबाधेची लक्षणे अनेकदा काही तासांनंतर दिसतात. घशात आग, उलट्या व जुलाब सुरू होतात, आणि पुढे मूत्रपिंड, रक्त व हृदय यांवर परिणाम होतो. मधल्या काळात रुग्ण ठीक दिसला तरी थांबू नये. घरी उलटी करविण्यात वेळ न दवडता, वनस्पतीचा तुकडा सोबत घेऊन त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. या विषावर सहज उपलब्ध असा उतारा नसल्याने लवकर मिळालेला उपचार हाच मोठा आधार ठरतो.

नोंद आणि जतन

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये ग्रामपंचायत स्तरावर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते व ती लोक जैवविविधता नोंदवही तयार करते. गावाच्या शिवारात कळलावी कोठे आढळते, तिचे कंद कोण व कशासाठी नेतो, याची नोंद तीत होणे इष्ट आहे. मुलांना ही वेल दुरून ओळखता येणे आणि रानातील तिचे कंद जमिनीतच राहणे, या दोन्ही गोष्टी गावाने ठरविल्यास साध्य होण्यासारख्या आहेत.